जुन्या गाडीच्या मीटरमधून करकर आवाज येतोय? नवी केबल घेण्याआधी हे तपासा

गाडी तीस-चाळीसच्या पुढे गेली की हँडलजवळून टकटक सुरू होते. वेग वाढला की त्याची करकर होते. कधी थंडीच्या सकाळी थेट शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. त्याच वेळी स्पीडोमीटरचा काटा एका जागी थांबत नाही, चाळीस आणि पन्नासच्या मध्ये नाचत राहतो.

चेतक, बजाज सुपर, कायनेटिक होंडा, आरएक्स १००, सीडी १००, स्प्लेंडर, जुनी बुलेट किंवा मारुती ८०० वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अनेक जण 'जुनी गाडी आहे, आवाज करणारच' म्हणून सोडून देतात. मग एके दिवशी आवाज अचानक बंद होतो आणि त्याबरोबर काटाही शून्यावर पडतो. केबल तुटलेली असते.

हा आवाज म्हणजे केबल तुटण्याआधीची सूचना असते. वेळेवर लक्ष दिलं तर बऱ्याचदा थोडं रॉकेल, थोडं ग्रीस आणि अर्धा-पाऊण तास एवढ्यात काम होतं. मात्र हेच काम चुकीच्या पद्धतीने केलं तर चांगला मीटरही कायमचा बिघडू शकतो. त्यामुळे आधी ही केबल काय करते ते समजून घेऊया.

ही केबल नेमकं काय काम करते?

गॅरेजमध्ये हिला 'मीटर केबल' किंवा 'मीटरची वायर' म्हणतात. पण यातून वीज जात नाही. क्लच किंवा ब्रेकच्या केबलसारखी ती ओढलीही जात नाही. ती फक्त स्वतःभोवती फिरते.

केबलचे दोन भाग असतात. बाहेरची नळी म्हणजे आऊटर. आतली तार म्हणजे इनर. इनर ही एक सलग तार नसते. बारीक पोलादी तारांचे थर एकमेकांच्या उलट दिशेने गुंडाळून ती तयार होते. म्हणूनच ती वाकलेल्या नळीतूनही फिरू शकते. तिची टोकं चौकोनी किंवा चपटी केलेली असतात, म्हणजे ती खाचेत बसतात आणि घसरत नाहीत.

बहुतेक दुचाकींमध्ये केबलचं खालचं टोक पुढच्या चाकाच्या हबमधल्या छोट्या गिअरला, म्हणजे मीटर गरारीला जोडलेलं असतं. मारुती ८००, अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या कारमध्ये ते गिअरबॉक्सला जोडलेलं असतं. वरचं टोक मीटरच्या मागच्या बाजूला बसतं.

मीटरच्या आत ही तार एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. चुंबक फिरलं की वाटीत विद्युतप्रवाह तयार होतात आणि ती चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जितकी वळेल तितका तिला जोडलेला काटा पुढे सरकतो. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये या पद्धतीच्या वेगमापकाचं पेटंट घेतलं. पुढची अनेक दशकं जगभरच्या गाड्यांमध्ये हेच तत्त्व वापरलं गेलं.

किलोमीटर मोजणारे आकडेही याच तारेवर फिरतात. म्हणजे केबल तुटली की वेग आणि किलोमीटर, दोन्ही एकदम बंद.

या तारेवर किती काम पडतं? जपानी धाटणीच्या अनेक मोटारसायकलींमध्ये ताशी ६० किलोमीटर वेगाला केबल मिनिटाला १४०० फेरे घेते. म्हणजे एका किलोमीटरला १४०० फेरे. रोज २० किलोमीटर गाडी चालवली तर दिवसाला २८ हजार फेरे. हे सगळं कोरड्या, गंजलेल्या नळीत होत असेल तर आवाज येणारच.

आवाज का येतो?

मुख्य कारणं पाच आहेत.

- केबल कोरडी पडणं: हे सर्वात नेहमीचं कारण. कंपनीने भरलेलं ग्रीस काही वर्षांत वाळतं, त्यात धूळ मिसळून काळा चिकट गाळ होतो. मग तार मोकळी फिरत नाही. ती क्षणभर अडकते, तिला पीळ बसतो, पीळ सुटला की ती झटक्यात पुढे फिरते. हेच सेकंदाला अनेकदा होत राहतं. कानाला टकटक ऐकू येते आणि डोळ्यांना नाचणारा काटा दिसतो.
- पाणी आणि गंज: पावसाळ्यात पुढच्या चाकाचं पाणी आणि चिखल सगळ्यात आधी केबलच्या खालच्या टोकाला लागतो. तिथलं रबर फाटलेलं असेल तर पाणी आत शिरतं. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे गंज आणखी लवकर धरतो.
- आऊटरला तीव्र वळण: हँडल, हेडलाईट किंवा मीटर काढून परत बसवताना केबल चुकीच्या बाजूने ओढली जाते किंवा टायने घट्ट बांधली जाते. मग नळी एका जागी दुमडते आणि तार तिथेच घासत राहते.
- इनर वाकडी होणं किंवा उसवणं: तारेला एकदा मोड पडला की ती सरळ होत नाही. प्रत्येक फेऱ्याला ती नळीच्या आत आपटते.
- दोन्ही टोकांची झीज: मीटर गरारीचे दात झिजले किंवा मीटरमधला बुश कोरडा पडला, तरी आवाज केबलमधूनच येतोय असं वाटतं. कारण लांब नळीतून आवाज सहज पुढे जातो.

आवाज केबलचाच आहे का? असं ओळखा

पहिली खूण सोपी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी चालू असताना क्लच दाबा आणि रेस कमी करा. इंजिनाचा आवाज उतरला तरी टकटक तशीच राहिली आणि गाडीचा वेग कमी होईल तशी हळूहळू मंदावली, तर तिचा संबंध चाकाशी किंवा केबलशी आहे. रेस कमी करताच आवाज बदलला, तर कारण इंजिनाकडे शोधा.

दुसरी पायरी म्हणजे केबलचं एकेक टोक सोडून पाहणं.

- दुचाकीत खालचं टोक सोडा: उघडं टोक चाकात जाणार नाही असं बाजूला घट्ट बांधा आणि हबचं भोक टेपने झाका. थोडं अंतर गाडी हळू चालवा. आवाज थांबला तर दोष केबलमध्ये किंवा मीटरमध्ये आहे. आवाज सुरूच राहिला तर गरारी, चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक तपासा.
- मग खालचं टोक जोडून वरचं सोडा: आता आवाज थांबला तर संशय मीटरवर. सुरू राहिला तर केबल किंवा गरारी. हे करताना फिरणारं टोक वायरिंगला लागणार नाही याची काळजी घ्या.

कारमध्ये शक्यतो फक्त वरचं टोक सोडून पाहा. गिअरबॉक्सकडचं टोक काढल्यास काही गाड्यांमध्ये तिथून ऑइल गळू शकतं.

या चाचणीत मीटर बंद असतो. त्यामुळे ती रहदारीच्या रस्त्यावर करू नये.

काय काय लागेल?

- पाना, पक्कड आणि पेचकस
- रॉकेल किंवा डिझेल
- धागे न सुटणारं जुनं सुती कापड
- चांगल्या प्रतीचं पातळसर ग्रीस (स्पीडोमीटर केबलसाठी मिळणारं ग्राफाइट ग्रीस किंवा साधं लिथियम ग्रीस)
- गाडी उभी करायला मधला स्टँड आणि सपाट जागा

साफसफाईसाठी पेट्रोल वापरणं टाळा. त्याची वाफ पटकन पेट घेते. रॉकेलनेही तेच काम होतं, फक्त जवळ आग किंवा सिगारेट नको आणि जागा हवेशीर हवी.

दुरुस्ती: एकेक पायरी

१. फोटो काढा. केबल कुठून कुठे जाते, कोणत्या हुकमधून ओवली आहे, हे मोबाईलवर टिपून ठेवा. परत बसवताना होणाऱ्या अर्ध्या चुका यामुळे टळतात.

२. दोन्ही टोकं सोडा. मीटरच्या मागे साधारणपणे आट्यांचा गोल नट असतो. तो हाताने किंवा पक्कडीने हलकेच फिरवला की सुटतो. खालच्या बाजूला काही गाड्यांत असाच नट असतो, तर काहींत एक स्क्रू काढला की केबल ओढून निघते. जुन्या नटला गंज असेल तर आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा. जबरदस्ती केली तर मीटरचे आटे तुटू शकतात.

चेतकसारख्या स्कूटरमध्ये केबल पुढच्या फोर्कच्या नळीतून वर हँडलमध्ये जाते. तिथे बऱ्याचदा पूर्ण आऊटर काढायची गरज नसते. इनर ओढून काढता येत असेल तर आऊटर जागेवरच ठेवा.

३. इनर बाहेर काढा. ती बहुधा एकाच बाजूने निघते. टोकाला बारीक वॉशर किंवा क्लिप असेल तर ती कुठे होती ते लक्षात ठेवा. तार निघत नसेल तर दुसऱ्या बाजूने प्रयत्न करा, पक्कडीने पिळू नका.

४. तार पुसा आणि नीट पाहा. रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने जुना गाळ काढा. मग तार सपाट टेबलावर ठेवून तळहाताने लोळवा. सरळ तार एकसारखी लोळते, मोड असलेली उड्या मारते. दुसरी चाचणी अशी: तारेची दोन्ही टोकं दोन हातांत धरून मध्ये झोक्यासारखी सैल लोंबू द्या आणि एक टोक बोटांनी हळूहळू फिरवा. दुसरं टोक एकसारखं फिरलं तर तार चांगली आहे. ते अडकून झटक्याने फिरलं तर तारेत मोड आहे. उसवलेले धागे, तुटलेली तार किंवा गोल झालेली चौकोनी टोकं दिसली तर तार टाकून द्या.

५. आऊटर साफ करा. वरच्या तोंडातून थोडं रॉकेल सोडा आणि खालून काळं पाणी निघू द्या. स्वच्छ रॉकेल येईपर्यंत असं दोन-तीनदा करा. मग नळी उभी टांगून पूर्ण कोरडी होऊ द्या. आत रॉकेल राहिलं तर नवं ग्रीसही पातळ होऊन वाहून जाईल. आऊटर कुठे चेपलेली, दुमडलेली किंवा फाटलेली आहे का, हेही बोटांनी चाचपून घ्या.

६. ग्रीस लावा, पण जपून. बोटांच्या चिमटीत थोडं ग्रीस घेऊन तारेवर पातळ थर ओढा. तार चकाकली पाहिजे, ग्रीसचे गोळे दिसता कामा नयेत. मीटरकडच्या टोकापासून साधारण १५ ते २० सेंटिमीटर भाग कोरडा ठेवा. तार आत ढकलताना हळूहळू फिरवत न्या, म्हणजे ग्रीस सगळीकडे पसरेल.

७. खालचं टोक आधी जोडा. तारेचं चौकोनी टोक गरारीच्या खाचेत बसल्याची खात्री करा. मग मधल्या स्टँडवर पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. वर बाहेर आलेलं टोक एकसारखं फिरताना दिसलं पाहिजे.

८. मीटर मोकळा आहे का ते पाहा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. जुन्या तारेचा तुकडा किंवा त्या मापाची चौकोनी काडी मीटरच्या खाचेत घालून हलकेच फिरवा. ते सहज फिरलं पाहिजे. मीटरच जाम असेल तर नवी केबलही काही दिवसांत तुटेल.

९. वरचं टोक जोडा. तार खाचेत नीट बसल्यावरच नट आवळा. तार आत पूर्ण न बसता नट जबरदस्तीने आवळला तर ती मीटरच्या दांड्याला आतून दाबत राहते आणि दोन्ही झिजतात. नट हाताने घट्ट करा, शेवटी पक्कडीने अगदी थोडा फेर द्या.

१०. केबल मोकळ्या वळणात ठेवा. कुठेही सुमारे १५ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको. मीटरजवळचे पहिले पाच-एक सेंटिमीटर शक्य तितके सरळ असावेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. केबल ताणली जात असेल किंवा टायरला लागत असेल तर मार्ग बदला.

सर्वात महागात पडणारी चूक: वरून तेल ओतणं

घरी अनेकदा सोपा उपाय केला जातो. मीटरकडचा नट सोडायचा आणि वरून तेल ओतायचं. आवाज लगेच बंद होतो, म्हणून उपाय बरोबर वाटतो. खरा त्रास नंतर सुरू होतो.

इनरवरच्या तारा स्क्रूच्या आट्यांसारख्या गुंडाळलेल्या असतात. ती वेगाने फिरते तेव्हा जास्तीचं तेल या आट्यांवरून वर चढत मीटरमध्ये पोहोचू शकतं. चुंबक आणि वाटी यांच्यात तेलाचा थर साचला की वाटी चुंबकाबरोबर गरजेपेक्षा जास्त ओढली जाते. काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवतो किंवा मध्येच अडकतो. काचेच्या आतून तेलाचे डाग दिसू लागतात. मग मीटर उघडून साफ करावा लागतो आणि हे घरी करण्यासारखं काम नाही. ती केसासारखी स्प्रिंग एकदा वाकली की मीटर पुन्हा बरोबर वेग दाखवेल याची खात्री नसते.

वरचा भाग कोरडा ठेवायचा तो यासाठीच. खालचं ग्रीस काही प्रमाणात आपोआप वर येतं.

खोबरेल तेलही नको. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागतं. थंडीच्या सकाळी नळीत तेच घट्ट होऊन तार अडवतं. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, ते लवकर खाली उतरून जातं. गंज सोडवणारे स्प्रे गंज सोडवायला चांगले, पण ते ग्रीसची जागा घेत नाहीत.

केबल बदलायचीच कधी?

- इनर उसवली, मोडली किंवा तिचं टोक झिजून गोल झालं असेल तर
- आऊटर दुमडली असेल किंवा आतून घासून फाटली असेल तर
- साफ करून ग्रीस लावल्यावरही काही दिवसांत तोच आवाज परत आला तर

नवी केबल घेताना जुनी सोबत न्या. गाडीचं मॉडेल एकच असलं तरी ड्रम ब्रेक आणि डिस्क ब्रेकच्या गाड्यांची केबल वेगळी असू शकते. लांबी, दोन्ही टोकांचा आकार आणि नटचे आटे जुळवून पाहा. लांबी थोडी कमी असेल तर हँडल वळवताना केबल ताणली जाते, जास्त असेल तर तिला नको तिथे वळण पडतं. नवी केबलही बसवण्याआधी इनर काढून पाहा. ती कोरडी असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ग्रीस लावा.

केबल ठीक, तरीही आवाज?

थंडीत गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि नंतर थांबत असेल, तर मीटरमधला बुश कोरडा असण्याची शक्यता जास्त. असा मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यावा.

खालून खरखर येत असेल तर पुढचं चाक काढून मीटर गरारी पाहा. गरारीचे दात झिजले असतील किंवा आत चिखल गेला असेल तर ती साफ करून ग्रीस लावा, गरज असेल तर बदला. चाक परत बसवताना गरारीची पकड हबच्या खाचेत बसली पाहिजे. ती बाहेर राहून एक्सल आवळला तर गरारी चेपते आणि मीटर बंद पडतो.

दुर्लक्ष केलं तर काय?

- कायदा: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ हा स्पीडोमीटरविषयी आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवताना गाडीची तपासणी होते. जुन्या गाडीच्या मालकांनी त्याआधी मीटर चालू आहे का, हे पाहून घ्यावं.
- वेग: मीटर बंद असला म्हणून वेगमर्यादा मोडल्याचा दंड टळत नाही. अंदाजाने गाडी चालवताना, विशेषतः मोकळ्या रस्त्यावर, वेग आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त असू शकतो.
- देखभाल: किलोमीटरचे आकडे थांबले की ऑइल कधी बदलायचं, सर्व्हिसिंग कधी करायचं, मायलेज किती मिळतंय, याचा हिशेब राहत नाही. गाडी विकताना मीटरवरच्या आकड्यावर कोणी विश्वासही ठेवत नाही.
- अपघाताचा धोका: खालून सुटलेली आऊटर पुढच्या चाकात अडकू शकते. केबल लोंबकळत असेल तर गाडी तशीच चालवू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

काटा कायम पाच-दहा किलोमीटर जास्त दाखवतो. केबल बदलू का?
नको. केबल फक्त गरारीचे फेरे मीटरपर्यंत पोहोचवते, ती स्वतःहून फेरे वाढवू शकत नाही. काटा कायम सारखाच चुकत असेल तर मीटर, टायरचा बदललेला आकार किंवा चुकीची गरारी ही कारणं तपासा. काटा नाचत असेल तर मात्र आधी केबलच पाहा.

बरोबर वेग कसा पडताळायचा?
मोबाईलवरच्या जीपीएस ॲपने. सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवा आणि मोबाईल मागे बसलेल्या व्यक्तीला पाहू द्या. चालवणाऱ्याने नजर रस्त्यावरच ठेवावी.

ग्रीस किती दिवसांनी लावायचं?
रोज वापरातल्या जुन्या दुचाकीला वर्षातून एकदा पुरेसं आहे. त्यासाठी पावसाळा संपल्यानंतरची वेळ सर्वात चांगली, कारण आत गेलेलं पाणीही त्याच वेळी निघून जातं.

आवाज येत असताना गाडी चालवली तर चालेल का?
टकटक सौम्य असेल आणि काटा स्थिर असेल तर गाडी चालते, पण काम आठवडाभरात उरकून घ्या. काटा नाचत असेल किंवा आवाज रोज वाढत असेल तर केबल तुटायच्या बेतात आहे असं समजा.